‘निरंक’ लिहिण्यापूर्वी : शोधनिबंधातील हितसंबंधांच्या निवेदनाविषयी

वर्धाकाठ (धाग्याचे मूळ लेखन)

मी यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी वरिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो. गेले दोन खरीप हंगाम मी आणि माझे दोन सहलेखक सहा शेतकऱ्यांच्या वावरांत कपाशीवर एका जैव उत्तेजकाची, म्हणजे समुद्री शेवाळाच्या अर्काच्या फवारणीची, चाचणी घेत होतो. प्रत्येक वावराचे दोन भाग करायचे, एका भागावर अर्काच्या तीन फवारण्या आणि दुसऱ्या भागावर साध्या पाण्याच्या तीन फवारण्या करायच्या आणि शेवटी दोन्ही भागांतील वेचणी वेगवेगळी तोलायची, अशी साधी मांडणी होती. त्यावरचा शोधनिबंध एका नियतकालिकाने स्वीकारला असून मुद्रितशोधनाच्या प्रतीसोबत एक नमुना भरण्यासाठी आला आहे. त्यातील एका रकान्यात लेखकांनी आपले हितसंबंध जाहीर करावेत, असे म्हटले आहे. आमच्या ज्येष्ठ सहलेखकांनी फोनवर सांगितले, ‘तिथे निरंक लिहून टाका, सगळे तेच लिहितात.’

वस्तुस्थिती अशी आहे. अर्काच्या सगळ्या बाटल्या उत्पादक कंपनीने विनामूल्य दिल्या होत्या आणि मातीपरीक्षणाचे शुल्कही कंपनीनेच भरले होते. हा सारा व्यवहार ज्या कृषी सेवा केंद्रामार्फत झाला, त्याचे मालक माझ्या दुसऱ्या सहलेखकाचे सख्खे मेहुणे आहेत. मला स्वतःला एक रुपयाही मिळालेला नाही. मात्र हा निबंध माझ्या पदोन्नतीच्या प्रस्तावात जोडला जाणार आहे. यांपैकी एकही गोष्ट बेकायदेशीर नाही आणि आम्ही कोणताही आकडा बदललेला नाही. तरीही ‘निरंक’ हा शब्द लिहिताना माझा हात थांबला.

आपल्या कार्यालयांत रकाना रिकामा दिसू नये म्हणून निरंक लिहिण्याची जुनी सवय आहे. दरमहा जाणाऱ्या तक्त्यांत तो शब्द कोणी वाचतही नाही. शोधनिबंधात मात्र तो लेखकाने सही करून केलेले विधान ठरतो: या निष्कर्षाशी ज्याचा आर्थिक लाभ जोडलेला आहे अशा कोणाशीही आमचा संबंध नाही, असे आम्ही वाचकाला सांगत असतो. आमच्या बाबतीत ते विधान खोटे आहे, हे मला ठाऊक आहे.

अशा मौनाचा परिणाम किती लांबवर जातो, याचे एक उदाहरण मला सतत आठवते. १९६७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात आहार आणि हृदयविकार यांवर हार्वर्डच्या संशोधकांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात साखरेवरचा संशय सौम्य करून स्निग्ध पदार्थांवर बोट ठेवलेले होते. या कामासाठी अमेरिकेतील साखर उद्योगाच्या ‘शुगर रिसर्च फाउंडेशन’ने ६,५०० डॉलर दिले होते, ही गोष्ट निबंधात कुठेही नव्हती, जुन्या पत्रव्यवहारातून ती २०१६ मध्ये उजेडात आली. तोपर्यंत जवळपास ५० वर्षे लोटली होती. त्या काळी असे निवेदन मागण्याचा नियमच नव्हता, एवढे त्या लेखकांच्या बाजूने म्हणता येईल. आमच्यापुढे तर रकाना छापून आलेला आहे.

मला जाणकारांकडून तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. विनामूल्य मिळालेल्या बाटल्या हा हितसंबंध धरावा काय? सहलेखकाच्या मेहुण्यांचे दुकान आणि माझी पदोन्नती या गोष्टी लिहाव्यात काय? आणि जे सहलेखक वयाने व अनुभवाने मोठे आहेत, ज्यांच्यामुळे मी संशोधनाकडे वळलो, त्यांना न दुखावता हे कसे सांगावे? उत्तर पाठवण्यास १० दिवस आहेत.

वैनगंगा

सर, मी गडचिरोली जिल्ह्यात सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते आणि असे नमुने अनेकदा भरले आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्धपणे ‘होय’ असे आहे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची जी आंतरराष्ट्रीय समिती १९७८ पासून काम करते, तिचा नमुना जगभर वापरला जातो. सध्याच्या संशोधनासाठी मिळालेले सर्व साहाय्य त्यात कालमर्यादेविना विचारलेले असते आणि त्याखेरीज मागील ३६ महिन्यांतील इतर संबंध विचारलेले असतात: अनुदान, सल्ल्याचे मानधन, व्याख्यानाचे मानधन, प्रवासखर्च, पेटंट, शेअर, इतकेच काय तर उपकरणे, साहित्य, औषधे आणि भेटवस्तूसुद्धा. आपल्या बाटल्या ‘साहित्य’ या शब्दात थेट बसतात. आपले नियतकालिक कृषी विषयाचे असले तरी संशोधनाच्या साहित्याला तोच न्याय लागू व्हावा.

हा नियम आकाशातून पडलेला नाही. आपण ज्या नियतकालिकाचा उल्लेख केलात, त्यानेच १९८४ मध्ये लेखकांकडून आर्थिक संबंधांची माहिती घेण्यास सुरुवात केली. पुढे १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १२ मुलांवरचा तो कुप्रसिद्ध निबंध आला, ज्यात गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवला होता. त्याचे प्रमुख लेखक अँड्र्यू वेकफिल्ड यांना लस उत्पादकांविरुद्ध दावा उभारणाऱ्या वकिलामार्फत पैसा मिळत होता, हे निबंधात नव्हते. ब्रायन डीअर या पत्रकाराने २००४ मध्ये ते उघड केले, तेव्हा सहलेखकांपैकी १० जणांनी त्या अर्थनिर्णयातून अंग काढून घेतले. निबंध पूर्णपणे मागे घेतला गेला तो फेब्रुवारी २०१० मध्ये. या मधल्या १२ वर्षांत लसीविषयीची भीती कुठवर पोहोचली, हे माझ्यासारखीने वेगळे सांगायला नको. गावातल्या आईच्या मनातील शंका दूर करण्यासाठी आशाताईंना एकाच घरी चार-चार खेपा घालाव्या लागतात.

पदोन्नतीविषयी माझे मत वेगळे आहे. निबंध छापून आल्याने प्रत्येकच लेखकाला पद, मान किंवा पदवी मिळते. निष्कर्ष अर्काच्या बाजूने गेला काय किंवा विरुद्ध गेला काय, आपला प्रस्ताव तसाच पुढे जाईल. जी गोष्ट सगळ्यांना सारखी लागू आहे ती लिहिल्याने वाचकाला काही कळत नाही आणि खरी महत्त्वाची ओळ त्या गर्दीत हरवते. मेहुण्यांचे दुकान मात्र निष्कर्षाच्या एकाच दिशेला फायदा मिळवते. ते लिहावे.

अडाणकाठी

मी थोडा विरोधी सूर लावतो, कारण मला या चर्चेत एक अन्याय दिसतो. आपल्या भागात संशोधनाला पैसा कोण देतो? महाविद्यालयाचे अनुदान प्रयोगशाळेच्या काचसामानाला पुरत नाही. तालुक्याच्या गावात दुकानदार, शेतकरी, प्राध्यापक आणि कृषी सहायक हे एकमेकांचे सोयरे, वर्गमित्र किंवा शेजारी असतातच. अशा ठिकाणी प्रत्येक नाते कागदावर आणले, तर निबंध वाचणारा दूरचा समीक्षक आमच्या कामाकडे संशयानेच पाहणार. मोठ्या शहरांतील मोठी नावे मात्र काही न लिहिता सुटतात. प्रामाणिक माणसालाच भुर्दंड पडत असेल, तर तो नियम सुधारण्याची गरज आहे असे मी समजतो.

वैनगंगा

दादा, मोठी नावे सुटतात हे नेहमीच खरे नाही. न्यूयॉर्कच्या एका जगप्रसिद्ध कर्करोग रुग्णालयाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी होझे बासेल्गा यांनी औषध कंपन्यांकडून मिळालेल्या रकमा अनेक शोधनिबंधांत जाहीर केल्या नव्हत्या, हे सप्टेंबर २०१८ मध्ये वृत्तपत्रातून पुढे आले आणि काही दिवसांतच त्यांना पद सोडावे लागले. त्यांचे संशोधन खोटे होते असा तो आरोप नव्हता. लपवणे हाच आक्षेप होता. लिहून ठेवलेल्या नात्यामुळे होणारा संशय आणि दुसऱ्याने शोधून काढलेल्या नात्यामुळे होणारा संशय यांत फार अंतर आहे. पैशाच्या टंचाईविषयी आपण म्हणता ते मात्र मला पूर्ण मान्य आहे.

पऱ्हाटी

मी शेतकरी आहे, कृषी पदवीधर आहे आणि माझ्या १४ एकरांपैकी ९ एकरांत कपाशी असते. प्राध्यापक सरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटतो. माझे म्हणणे वाचकाच्या बाजूने आहे, कारण या निबंधांचा शेवटचा वाचक मी आहे.

पूर्वी आमच्याकडे शिफारस यायची ती अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडून किंवा नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेकडून. आता दुकानाच्या काउंटरवर काचेखाली शोधनिबंधाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स लावलेली असते आणि ‘हे पहा, प्राध्यापकांनी सिद्ध केलेले आहे’ असे सांगून बाटली पुढे केली जाते. हितसंबंधांचे निवेदन शेवटच्या पानावर असते आणि त्या पानाची झेरॉक्स कोणी काढत नाही. जैव उत्तेजके २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली, हे चांगले झाले. पण एकरी किती फायदा होतो, हे आम्ही अजूनही अशाच कागदांवरून ठरवतो.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले. त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीने पऱ्हाटी पोखरून टाकली होती. त्या वर्षापासून मी कोणत्याही शिफारशीमागे कोण उभे आहे, ते आधी विचारतो. बीटी पिकांवरील शोधनिबंधांची अशी तपासणी फ्रान्समधील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केली आहे. त्यांनी ६७२ निबंध घेतले. लेखक स्वतः कंपनीत नोकरीस असणे किंवा संशोधनाला कंपनीचा पैसा असणे, असा संबंध सुमारे ४० टक्के निबंधांत आढळला आणि जिथे तो होता, तिथे कंपनीला अनुकूल निष्कर्ष ५० टक्क्यांनी अधिक वेळा निघालेला होता. ग्लायफोसेट या तणनाशकाचेही तसेच आहे. आमच्याकडे मान्यता नसलेल्या तणनाशक सहनशील पऱ्हाटीत ते सर्रास मारले जाते. त्याच्या सुरक्षिततेची ग्वाही देणारे आढावे २०१६ मध्ये विषशास्त्राच्या एका नियतकालिकाने छापले आणि २०१८ मध्ये त्याच नियतकालिकाला, कंपनीचा सहभाग लेखकांनी पुरेसा जाहीर केलेला नव्हता, अशी सूचना प्रसिद्ध करावी लागली. मधल्या दोन वर्षांत ज्यांनी ते वाचून निर्णय घेतले असतील, त्यांच्यापर्यंत ती सूचना कशी पोहोचणार?

आता सरांना माझा एक प्रश्न आहे. चाचणीसाठी ती सहा वावरे कोणी निवडली? आणि प्रत्येक वावरात कोणत्या अर्ध्यावर अर्क मारायचा आणि कोणत्या अर्ध्यावर पाणी, हे कोणी ठरवले?

संख्याशास्त्र_शिक्षक

पऱ्हाटी यांचा प्रश्न हाच या धाग्यातील कळीचा प्रश्न आहे. त्याला धरूनच सांगतो की निवेदन लिहिले म्हणजे काम संपले, असे मानणे धोक्याचे आहे.

२००५ मध्ये केन, लोवेनस्टीन आणि मूर या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. नाण्यांनी भरलेल्या बरणीत किती रक्कम आहे, याचा अंदाज काही लोकांना दुरून करायचा होता. सल्लागारांना ती बरणी जवळून पाहता येत होती. काही सल्लागारांना, अंदाज करणाऱ्याने आकडा जितका जास्त सांगितला तितके जास्त पैसे मिळणार होते. हा हितसंबंध जेव्हा उघडपणे सांगितला गेला, तेव्हा सल्लागारांनी आपला आकडा आणखी फुगवला. ‘आम्ही तर सांगून मोकळे झालो’ ही भावना माणसाला सैल करते, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. ऐकणाऱ्यांनी त्या सल्ल्यात थोडी वजावट केली, पण ती पुरेशी नव्हती.

दुसरा पुरावा समीक्षकांविषयीचा आहे आणि तो मला अधिक अस्वस्थ करतो. आपत्कालीन वैद्यकाच्या एका नियतकालिकात समीक्षकांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट केले गेले. एका गटाला लेखकांचे हितसंबंध कळवले आणि दुसऱ्या गटाला कळवले नाहीत. हा प्रयोग २०१९ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ३,००० हून अधिक परीक्षणे तपासल्यावर दोन्ही गटांनी निबंधांना दिलेल्या गुणांत काही फरक आढळला नाही. म्हणजे ती ओळ वाचूनही तिचे काय करायचे, हे समीक्षकांना कळत नाही किंवा सुचत नाही. म्हणून माझी सूचना अशी की केवळ ‘कंपनीने साहित्य दिले’ एवढे लिहू नये. कंपनीचा आणि दुकानाचा चाचणीच्या कोणत्या टप्प्यात हात होता आणि कोणत्या टप्प्यात नव्हता, हे लिहावे. जागा कोणी निवडली, कापूस कोणी तोलला, आकडेमोड कोणी केली, निबंध छापण्यापूर्वी कंपनीला दाखवला होता काय? वाचकाला वजावट करायची असेल, तर ती कुठे करायची हे त्याला त्यातून कळेल.

जुना_संपादक

मी अमरावती विभागातील एका महाविद्यालयाच्या नियतकालिकाचे संपादन काही वर्षे पाहिले आहे. येथे सर्व चर्चा लेखकांची चालली आहे; संपादकांचे आणि समीक्षकांचेही हितसंबंध असतात, हे मला सांगायचे आहे.

आमच्या नियतकालिकाचे प्रकाशक महाविद्यालय, प्रमुख संपादक प्राचार्य आणि निम्मे लेखक त्याच महाविद्यालयाचे अध्यापक असत. हितसंबंधांचा रकाना आमच्या नमुन्यात नव्हताच. एकदा माझ्याच मार्गदर्शनाखाली पीएचडी करणाऱ्या विद्यार्थिनीचा निबंध माझ्यापुढे आला आणि मी तो दुसऱ्या संपादकाकडे न सोपवता स्वतःच स्वीकारला. निबंध चांगला होता. तरीही तो निर्णय मी घ्यायला नको होता, कारण तो चांगला आहे हे ठरवण्यास त्या खोलीत माझ्याइतका अपात्र माणूस दुसरा नव्हता. ही खंत आजही माझ्या मनात आहे. १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या प्रकाशन नीतिमत्ता समितीची मार्गदर्शक तत्त्वे मी त्यानंतर वाचली. अशा वेळी संपादकाने बाजूला व्हावे आणि तसे नोंदवून ठेवावे, असे त्यांत स्पष्ट आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली, त्यानंतर मान्य नियतकालिकांची ‘केअर’ नावाची नवी यादी आणली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद करून नियतकालिकाची पारख संस्थांवर सोपवली. आता ही पारख आपापल्या महाविद्यालयांनी करायची असल्याने, नियतकालिक लेखकांकडून आणि संपादकांकडून असे निवेदन घेते की नाही, ही कसोटी आपल्या संशोधन समित्यांनी पहिल्या बैठकीतच ठरवून घ्यावी, असा माझा आग्रह आहे.

ज्येष्ठ सहलेखकांविषयी आपण विचारले आहे. त्यांना ‘तुमचे चुकते’ असे सांगू नका. निवेदनाचा मसुदा तयार करून त्यांच्यापुढे ठेवा आणि यातील कोणते वाक्य खोटे आहे, एवढेच विचारा. जुन्या पिढीतील माणूस मसुद्यात दुरुस्ती सुचवतो. कोरा विषय काढला तर तो रागावतो.

वर्धाकाठ

सर्वांचा मनापासून आभारी आहे. उत्तराला पाच दिवस लागले, कारण पऱ्हाटी भाऊंच्या प्रश्नाने मला माझी क्षेत्रवही पुन्हा उघडावी लागली.

सहापैकी चार वावरे कृषी सेवा केंद्राच्या मालकांनी सुचवली होती. ते शेतकरी त्यांचे नेहमीचे गिऱ्हाईक आहेत आणि चाचणीला लगेच तयार झाले, म्हणून आम्हीही आनंदाने होकार दिला. वावराचा कोणता भाग अर्काला द्यायचा, हे आम्ही चिठ्ठी टाकून ठरवणार होतो, तसे आमच्या मूळ आराखड्यात लिहिलेलेही आहे. प्रत्यक्षात पहिल्या फवारणीच्या दिवशी मी परीक्षेच्या कामात अडकलो होतो. वहीत त्या दिवशीचे हस्ताक्षर माझे नाही. त्या चारही वावरांत अर्काचा भाग विहिरीकडच्या धुऱ्याला आहे आणि पाण्याचा भाग लांबच्या बाजूला आहे. ऑक्टोबरात पावसाने ओढ दिली, तेव्हा विहिरीजवळच्या तासांना एखादे ओलित अधिक मिळाले असण्याची शक्यता मी नाकारू शकत नाही. कोणी हे मुद्दाम केले असे मला वाटत नाही. पंप आणि पाण्याची टाकी जिथे होती, तिथून फवारणी सुरू झाली असावी. पण आमच्या निबंधातील उत्पादनवाढीचा मोठा भाग याच चार वावरांतून आलेला आहे. उरलेल्या दोन वावरांत, जिथे मी स्वतः चिठ्ठी टाकली होती, फरक अगदी थोडा आहे.

रकान्यात निरंक लिहून प्रत परत पाठवली असती, तर मी ही वही उघडलीच नसती.

जुन्या संपादकांच्या सल्ल्याप्रमाणे मसुदा घेऊन मी ज्येष्ठ सहलेखकांच्या घरी गेलो. त्यांनी तो दोनदा वाचला, बराच वेळ काही बोलले नाहीत आणि नंतर स्वतःच्या हाताने त्यात मेहुण्यांच्या दुकानाविषयीचे वाक्य अधिक स्पष्ट केले. दुसऱ्या सहलेखकांना ते आवडलेले नाही, परंतु त्यांनी संमती दिली आहे. मसुदा असा आहे:

‘या चाचणीसाठी वापरलेला अर्क उत्पादक कंपनीने विनामूल्य पुरवला आणि मातीपरीक्षणाचे शुल्कही कंपनीने भरले. अर्काचे स्थानिक विक्रेते हे एका लेखकाचे मेहुणे आहेत. सहापैकी चार शेतांची निवड विक्रेत्यांच्या सूचनेवरून झाली आणि त्या चार शेतांत फवारणीचे भाग चिठ्ठीने ठरवलेले नव्हते. वेचणीचे वजन, आकडेमोड आणि लेखन यांत कंपनीचा किंवा विक्रेत्यांचा सहभाग नव्हता. निबंध त्यांना आधी दाखवलेला नाही.’

चार शेतांविषयीचे वाक्य पद्धतीच्या विभागातही येईल. संपादकांना पत्र लिहून छपाई थांबवण्याची विनंती मी काल केली असून, दोन शेतांची आणि चार शेतांची आकडेवारी वेगळी दाखवून निबंध पुन्हा समीक्षकांकडे जावा, असे कळवले आहे. प्रस्तावाला उशीर होईल, तो मी स्वीकारला आहे.

पऱ्हाटी

सर, त्या चार शेतकऱ्यांनाही हे सांगावे, अशी विनंती आहे. त्यांनी दोन हंगाम आपले वावर दिले आणि त्यांच्यापैकी कोणी या वर्षी त्याच अर्काची बाटली विकत घेतली असेल. निवेदनाचा मराठी मसुदा आपण येथे दिलाच आहे. त्याची प्रत मी आमच्या गावातील शेतकरी गटाच्या सूचनाफलकावर लावू का?

वर्धाकाठ

अवश्य लावा, भाऊ. कंपनीचे, दुकानाचे आणि शेतकऱ्यांचे नाव त्यात नाही, तेवढे तसेच राहू द्या. रविवारी सकाळी मी टेप घेऊन त्या चारही वावरांत जात आहे. विहिरीपासून प्रत्येक भागाचे अंतर मोजून आणि त्या हंगामात कोणत्या तासांना किती ओलिते दिली, हे शेतकऱ्यांना विचारून वहीत नोंदवायचे आहे. बाटल्यांचा विषय मी त्याच वेळी त्यांच्याशी बोलेन.